पेशींची प्रतवारी आणि संगणकाची दृष्टि

(कोरेगांव भीमा येथें धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त झालेलें भाषण)



ज्युबिलीच्या प्रसंगीं मागें वळून पाहावें आणि देवाचे आभार मानावे, ही ख्रिस्तसभेची जुनी रीत आहे. परंतु पवित्र शास्त्रांत लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत ज्युबिलीचा जो नियम सांगितला आहे, तो केवळ आभाराचा नाहीं. पन्नासाव्या वर्षीं शिंग फुंकावें, हातची गेलेली जमीन मूळ धन्याकडे परत जावी आणि दास झालेल्यानें मोकळें होऊन आपल्या घरीं जावें, असा तो नियम आहे. म्हणजे ज्युबिली ही बंधनें तोडण्याची वेळ होय. आपल्या घराघरांतून एक बंधन असें आहे कीं, त्याचें नांव काढावयासहि आपण भितों. आणि तें लज्जेनें व भीतीनें विणलेलें असल्यामुळें आपल्या आयाबहिणी त्यांत अधिक अडकतात. स्तनाच्या कर्करोगाविषयींचें मौन, तें हें बंधन. आज आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हां आम्हीं हाच विषय घेतला; आणि त्यांतहि या रोगाच्या गांठीची प्रतवारी कशी करितात व त्या कामीं संगणक कसा उपयोगी पडूं लागला आहे, एवढाच भाग निवडला. विषय रुक्ष वाटेल. परंतु डॉक्टरांच्या कागदावरील एका अंकाचा अर्थ न समजल्यामुळें माणसें हताश होतात आणि उपचार अर्ध्यावर टाकतात. म्हणून तो अंक कोठून येतो हें समजून घेणें, हें आम्हांस या ज्युबिलीच्या दिवशीं अप्रस्तुत वाटत नाहीं.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत भारतांतील सुमारें १ लाख ९२ हजार स्त्रियांस हा रोग नव्यानें जडला आणि सुमारें ९८ हजार स्त्रिया त्यानें दगावल्या. आपल्या देशांत स्त्रियांस होणाऱ्या कर्करोगांत याचाच क्रमांक आज पहिला आहे. हे आंकडे ऐकून कोणी घाबरूं नये. लवकर सांपडलेला हा रोग बरा होण्याजोगा आहे. संकट असें कीं, आरंभीं गांठ बहुधा दुखत नाहीं. आणि जें दुखत नाहीं त्याच्यासाठीं शेतांतलें काम टाकून किंवा सणसवाडीच्या कारखान्यांतील पाळी बुडवून कोण पुण्याची गाडी धरणार? त्यांत पदराआडचें दुखणें. तें सासूला सांगण्याची चोरी आणि नवऱ्याला सांगण्याचीहि चोरी.

ख्रिस्तसभेनें मात्र या दुखण्याची लाज कधीं बाळगली नाहीं. सिसिली बेटांतील कातानिया नगराची कुमारिका संत अगाथा हिचा सण आपण ५ फेब्रुवारीस पाळतों. परंपरेप्रमाणें इ. स. २५१ च्या सुमारास, सम्राट डेसियस याच्या छळांत, तिचे स्तन कापून तिचे हाल करण्यांत आले. म्हणूनच स्तनरोगानें पीडलेल्या स्त्रिया तिला आपली कैवारीण मानतात. मिस्साबळीच्या रोमन प्रार्थनेंत प्रेषितांच्या व हुतात्म्यांच्या नांवांबरोबर तिचेंहि नांव वेदीवर उच्चारलें जातें. जें नांव धर्मगुरु वेदीवर घेतात, त्या नांवाशीं जोडलेलें दुखणें आपण स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांत कां लपवावें?

असो. आतां मूळ विषयाकडे वळूं. गांठ आढळली म्हणजे डॉक्टर जाडसर सुईनें तिचा बारीक तुकडा काढतात. यासच बायोप्सी म्हणतात. सुई लागली कीं रोग अंगभर पसरतो, असा एक समज आपल्याकडे रुजला आहे. तो खरा नव्हे. त्या भीतीपायीं जो काळ फुकट जातो, तोच खरा घातक. काढलेला तुकडा लागलीच फॉर्मॅलिनमध्यें घालावा लागतो; नाहीं तर बर्फावांचून मासळी जशी उतरते, तशा त्यांतील पेशी बिघडूं लागतात. पुढें तो मेणांत बसवून त्याचे ३ ते ४ मायक्रॉन जाडीचे काप काढतात. एका मिलिमीटराचे अडीचशें थर केले तर त्यांतील एक थर जेवढा, तेवढा हा काप पातळ असतो. त्यास काचेच्या पट्टीवर चिकटवून दोन रंग देतात. पहिला हिमॅटॉक्सिलिन, जो मध्य अमेरिकेंतील एका झाडाच्या गाभ्यापासून मिळतो. त्यानें पेशींचीं केंद्रकें निळींजांभळीं होतात. दुसरा इओसिन, त्यानें भोंवतालचा भाग गुलाबी दिसतो. ही रंगविलेली पट्टी सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं धरून पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे रोगट पेशींची पारख करणारा डॉक्टर, निवाडा देतो.

कर्करोग आहे किंवा नाहीं, हा पहिला निवाडा. असल्यास तो किती उग्र स्वभावाचा आहे, हा दुसरा. शिरूरच्या किंवा चाकणच्या बाजारांत कांद्याची प्रतवारी करणारा मनुष्य आकार, रंग आणि साल पाहून माल वेगळा करितो. तशीच ही पेशींची प्रतवारी आहे, आणि तिलाच इंग्रजी वळणानें ग्रेड म्हणतात. १९२५ च्या सुमारास अमेरिकेंत व इंग्लंडांत तिचा आरंभ झाला. १९५७ मध्यें ब्लूम आणि रिचर्डसन या इंग्रज डॉक्टरांनीं तिला गुणांची शिस्त लाविली. आणि १९९१ मध्यें नॉटिंगहॅम येथील एल्स्टन व एलिस यांनीं जें रूप दिलें, तेंच आज जगभर चालतें.

या पद्धतींत तीन लक्षणें पाहतात. निरोगी स्तनांतील पेशी नळीभोंवतीं रांगेनें उभ्या असतात; रोगट पेशी ही रचना कितपत राखून आहेत, हें पहिलें लक्षण. शेंकडा ७५ हून अधिक भागांत नळ्या दिसल्या तर १ गुण, शेंकडा १० पेक्षां कमी दिसल्या तर ३ गुण आणि मधल्या स्थितीस २. केंद्रकांचा आकार व घाट किती बिघडला आहे, हें दुसरें लक्षण. ठराविक क्षेत्रांत किती पेशी दुभंगून एकाच्या दोन होत आहेत, हें तिसरें. प्रत्येकास १ ते ३ गुण देऊन बेरीज करितात. बेरीज ३ ते ५ आली तर ग्रेड १, ६ किंवा ७ आली तर ग्रेड २ आणि ८ किंवा ९ आली तर ग्रेड ३. प्रभूच्या दृष्टान्तांतील गहूं आणि निदण आपणांस ठाऊक आहेत. कोवळेपणीं निदण गव्हासारखेंच दिसतें. ग्रेड १ च्या पेशी अशाच, पुष्कळशा घरच्या पेशींसारख्या दिसणाऱ्या. ग्रेड ३ च्या पेशी मात्र दुरूनहि परक्या दिसतात. दृष्टान्तांतला धनी कापणीपर्यंत थांबावयास सांगतो, तो न्याय अखेरच्या दिवसाचा आहे. देहाच्या शेतांत थांबून चालत नाहीं, हें येथेंच सांगून ठेवितों.

आतां आमच्या या सर्व भाषणांत एकच वाक्य घरीं न्यावयाचें असेल, तर तें हें कीं, ग्रेड ३ म्हणजे तिसरी स्टेज नव्हे. स्टेज म्हणजे रोगानें किती वाट चालली ती पायरी: गांठ केवढी, काखेंतील गांठींत रोग गेला आहे काय, दूरच्या अवयवांत पोंचला आहे काय. ग्रेड म्हणजे रोगाचा स्वभाव. चोर घराच्या उंबऱ्यावर आहे कीं माजघरांत, ही स्टेज. तो भुरटा आहे कीं दरोडेखोर, हा ग्रेड. अलीकडे पायरी ठरवितांना स्वभावाचाहि विचार करितात हें खरें. तरी दोन्ही गोष्टी एक नव्हेत. गांठ लहान असून, काखेंत कांहीं नसून, ग्रेड ३ असूं शकतो. आणि तशी स्त्री योग्य उपचारांनीं बरी होऊं शकते. एवढेंच नव्हे, तर झपाट्यानें वाढणाऱ्या अशा पेशींवर केमोथेरपीचा प्रभावहि पुष्कळदा अधिक पडतो. कागदावरचा ३ हा आंकडा पाहून "आतां कांहीं उरलें नाहीं" असें म्हणणारा मनुष्य रोगापूर्वींच हार मानतो.

हा निवाडा करणारी दृष्टि आपल्या महाराष्ट्रांत कशी घडली, याचा थोडा इतिहास सांगण्यासारखा आहे. मुंबईंत परळ येथें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलें. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनीं वाहिली. भारतांतील पॅथॉलॉजीचे जनक म्हणून त्यांचें नांव घेतलें जातें. सूक्ष्मदर्शकाशीं डोळा लावून तासन् तास बसणारी शिष्यपरंपरा अशा माणसांनींच निर्माण केली, आणि आजहि आपल्या बहुतेक रुग्णालयांत ग्रेड ठरवितो तो हाच मानवी डोळा.

परंतु डोळा कितीहि शिकलेला असला तरी तो मनुष्याचा डोळा आहे. दोन जाणत्यांचें मत नेहमीं जुळतेंच असें नाहीं. २०१५ मध्यें अमेरिकेंत एक मोठी परीक्षा प्रसिद्ध झाली. तिच्यांत ११५ पॅथॉलॉजिस्टांनीं स्तनाच्या बायोप्सीच्या पट्ट्या पाहिल्या व त्यांचे निवाडे तज्ज्ञ मंडळाच्या निवाड्याशीं ताडून पाहण्यांत आले. शंभरांत सुमारें ७५ ठिकाणीं मत जुळलें. उघडउघड पसरणाऱ्या कर्करोगाच्या बाबतींत तें ९६ ठिकाणीं जुळलें. परंतु पेशी नुकत्याच वेड्यावांकड्या होऊं लागल्या आहेत अशा सीमेवरील नमुन्यांत तें अवघ्या ४८ ठिकाणीं जुळलें. ही परीक्षा रोगनिदानाची होती. ग्रेडच्या बाबतींतहि हीच अडचण येते. केंद्रकांचा बिघाड "बेताचा" कीं "बराच", हें शेवटीं पाहणाराच्या अंदाजावर राहतें. आणि जवळजवळ निम्म्या रुग्णांचा ग्रेड मधला, म्हणजे २, येतो. तेव्हां उपचार सौम्य ठेवावा कीं कडक करावा, हा प्रश्न त्या मधल्या आंकड्यानें सुटत नाहीं. याच ठिकाणीं संगणकाचें काम सुरू होतें.

संगणक कसा पाहतो? प्रथम काचपट्टीचें छायाचित्र घेतात. त्याचा एकेक ठिपका मिलिमीटराच्या चार हजाराव्या भागाएवढा असतो. पंधरा मिलिमीटर लांबरुंद तुकडा असेल तर एका बाजूस ६० हजार ठिपके, आणि सर्व मिळून ३६० कोटी ठिपके होतात. प्रत्येक ठिपका संगणकास रंगाच्या आंकड्यांच्या रूपानें कळतो. त्याला गांठ दिसत नाहीं, बाई दिसत नाहीं, दुःख दिसत नाहीं. त्याला आंकडे दिसतात. या आंकड्यांतून केंद्रकांच्या कडा शोधणें, ही पहिली पायरी.

अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठांत शल्यवैद्य विल्यम वोल्बर्ग यांनीं स्ट्रीट व मॅन्गासेरियन या गणितज्ञांच्या साहाय्यानें १९९० नंतरच्या दशकांत हा प्रयत्न केला. बारीक सुईनें काढलेल्या पेशींच्या चित्रांत प्रत्येक केंद्रकाची कड संगणकानें आंखली आणि त्याची त्रिज्या, परीघ, क्षेत्रफळ, कडेचा गुळगुळीतपणा, खांचा, पोत इत्यादि दहा गोष्टी मोजल्या. ५६९ रुग्णांच्या नमुन्यांचीं तीं मापें पुढें सर्वांस खुलीं करण्यांत आलीं, आणि त्यांवर जगभरचे विद्यार्थी आजहि धडे गिरवितात. तेथें प्रश्न गांठ निरुपद्रवी कीं घातक, एवढाच होता. ग्रेडचा प्रश्न पुढें आला.

तो प्रश्न ज्यांनीं हातीं घेतला, त्यांत मुंबईचा एक विद्यार्थी होता, हें सांगतांना आम्हांस समाधान वाटतें. अनंत मदभुषी यांनीं १९९८ मध्यें मुंबई विद्यापीठाची जैववैद्यकीय अभियांत्रिकीची पदवी घेतली व पुढें ते अमेरिकेंत गेले. न्यू जर्सी संस्थानांतील रटगर्स विद्यापीठांत असतांना २००८ मध्यें त्यांनीं, स्कॉट डॉयल आदि सहकाऱ्यांसह व पेनसिल्व्हेनियाच्या पॅथॉलॉजिस्टांच्या साह्यानें, स्तनाच्या कर्करोगाचा ग्रेड संगणकाकरवीं ठरविण्याची एक रीत मांडली. तिच्यांत ३,४०० हून अधिक मापें घेतलीं होतीं. त्यांतील कांहीं चित्राच्या पोताचीं होतीं. विणलेलें कापड हातास जसें बारीक किंवा भरड लागतें, तसा चित्राचाहि पोत आंकड्यांत मोजतां येतो. दुसरीं मापें रचनेचीं होतीं. तीं समजण्यास आपण कोरेगांवाचाच नकाशा डोळ्यांपुढें आणूं. प्रत्येक घराच्या जागीं एक ठिपका द्या. मग ज्या घरास जी जमीन सर्वांत जवळची, ती त्याच्या नांवें करून सारा गांव तुकड्यांत वांटा. नंतर सर्व घरांस जोडणारी, पण एकूण कमींत कमी लागणारी, विजेची तार ओढा. गांव आंखीव असेल तर तुकडे सारखे येतील आणि तारेचे भागहि सारखे. घरें दाटीवाटीनें, वाटेल तशीं उभीं असतील तर तुकडे लहानमोठे आणि तार वेडीवांकडी होईल. केंद्रकें हींच घरें, असें धरून संगणकानें हें गणित केलें. कर्करोग आहे कीं नाहीं, हें पोतावरून शंभरांत ९५.८ वेळां बरोबर ठरलें. आणि ग्रेड खालचा कीं वरचा, हें रचनेवरून शंभरांत ९३.३ वेळां बरोबर ठरलें. मात्र नमुने होते अवघे ४८; ३० कर्करोगाचे आणि १८ निरुपद्रवी. तें आश्वासक पहिलें पाऊल होतें, अखेरचा शब्द नव्हे.

पुढें २०११ मध्यें स्टॅनफर्ड विद्यापीठांतील मंडळींनीं ६,६४२ मापें घेऊन पाहिलीं, तेव्हां एक नवल आढळलें. रोग्याचें भविष्य सांगणारीं कांहीं महत्त्वाचीं लक्षणें रोगट पेशींत नसून त्यांच्या भोंवतालच्या आधार देणाऱ्या ऊतींत होतीं; आणि ग्रेडच्या जुन्या तीन लक्षणांत त्या भागाची गणतीच नव्हती. २०१२ नंतर डीप लर्निंग या नांवाची रीत पुढें आली. तिच्यांत काय मोजावें हें मनुष्य सांगत नाहीं. हजारों उदाहरणें पाहून यंत्र स्वतःच खुणा शोधतें. दुभंगणाऱ्या पेशी मोजण्याची एक जागतिक स्पर्धा त्याच वर्षीं झाली आणि स्वित्झर्लंडमधील एका संघानें ती याच रीतीनें जिंकली. २०२२ मध्यें स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेंतील संशोधकांनीं या रीतीनें मधल्या ग्रेड २ चे दोन भाग पाडून दाखविले. एका भागांतील स्त्रियांत रोग उलटण्याचा धोका दुसऱ्या भागाहून अधिक आढळला. ज्या आंकड्यापाशीं मानवी डोळा अडखळत होता, तेथें यंत्रानें थोडी वाट दाखविली ती ही.

आपल्या देशाचाहि यांत वांटा आहे. सध्यां पवईच्या आय.आय.टी.मध्यें शिकविणारे प्राध्यापक अमित सेठी आणि त्यांचे सहकारी यांनीं २०१७ मध्यें स्तनासह सात अवयवांच्या ३० चित्रांतील २१ हजारांहून अधिक केंद्रकांच्या कडा आंखून तो संग्रह जगास खुला केला. या कडा विद्यार्थ्यांनीं एकेक करून हातानें आंखल्या व अनुभवी पॅथॉलॉजिस्टानें त्या तपासल्या. २०१८ मध्यें याच संग्रहावर एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. बंधूंनो, ही गोष्ट नीट ध्यानांत घ्या. यंत्राची दृष्टि म्हणून जी आपण वाखाणतों, ती अशा कष्टाळू माणसांनीं उसनी दिलेली दृष्टि आहे.

म्हणूनच तिच्या मर्यादाहि माणसांच्या आहेत. ज्या निवाड्यांवर यंत्र शिकलें, ते चुकीचे असतील तर तीच चूक तें न थकतां हजारदां करील. एका प्रयोगशाळेच्या रंगावर शिकलेलें यंत्र दुसऱ्या प्रयोगशाळेच्या फिकट किंवा गडद रंगापुढें फसूं शकतें. म्हणून परदेशांत शिकलेलें यंत्र आपल्या नमुन्यांवर पारखून घेतल्यावांचून वापरणें बरें नव्हे. आणि तुकडा वेळेवर फॉर्मॅलिनमध्यें पडला नाहीं, तर बिघडलेल्या पेशीचें उत्तम छायाचित्र घेऊनहि उपयोग नाहीं. याउलट त्याचे गुणहि उघड आहेत. तें दमत नाहीं. सकाळीं दिलेला निवाडा संध्याकाळीं बदलत नाहीं. आणि तालुक्याच्या गांवीं रंगविलेल्या पट्टीचें चित्र तारेवरून पाठवून दूरच्या तज्ज्ञाच्या मतास त्याच्या मोजणीची जोड देतां येते. जेथें पॅथॉलॉजिस्ट थोडे आणि पट्ट्या फार, तेथें ही मदत लहान नव्हे.

पवित्र पीठानें २८ जानेवारी २०२५ रोजीं "अँटिक्वा एत नोवा" या नांवाचें जें पत्रक काढलें, त्यांत कृत्रिम बुद्धीचा ऊहापोह केला आहे. वैद्यकांत तिच्यापासून मोठा लाभ होण्यासारखा आहे हें तें मान्य करितें. परंतु आजारी माणसाच्या उपचाराचा निर्णय आणि त्या निर्णयाची जबाबदारी माणसाकडेच राहिली पाहिजे, असेंहि बजावितें. आम्हांस हें मत पूर्णपणें पटतें. ग्रेडची बेरीज यंत्रानें करावी. पण त्या बेरजेचा अर्थ स्त्रीच्या डोळ्यांत पाहून, तिला कळेल अशा मराठींत, जिवंत माणसानेंच सांगावा. यंत्र ऊतीचा ग्रेड ठरवितें. देवाच्या प्रतिमेप्रमाणें निर्माण झालेल्या त्या स्त्रीची प्रतवारी करण्याचा अधिकार कोणासच नाहीं.

येथवर पेशीपासून संगणकापर्यंतची वाट पाहिली. परंतु या वाटेचा पहिला टप्पा घरापासून दवाखान्यापर्यंतचा आहे, आणि तो कोणतेंहि यंत्र चालून देत नाहीं. तो टप्पा किती मोलाचा आहे, हें मुंबईंतच सिद्ध झालें आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९८ पासून मुंबईंतील १ लाख ५१ हजार ५३८ स्त्रियांवर एक दीर्घ अभ्यास केला. त्याचा निष्कर्ष २०२१ मध्यें प्रसिद्ध झाला. निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनीं स्त्रियांचे स्तन हातानें तपासीत. कोणतेंहि महागडें यंत्र नव्हतें. तरी तिसऱ्या वा चौथ्या पायरीवर सांपडलेल्या रुग्णांचें प्रमाण शेंकडा ४७ वरून ३७ वर आलें. आणि ५० वर्षांवरील स्त्रियांत या रोगानें होणारे मृत्यु जवळजवळ शेंकडा ३० नीं घटले. ५० वर्षांखालील स्त्रियांत तशी घट दिसली नाहीं, हेंहि प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. तथापि शिकलेल्या हाताचें सामर्थ्य केवढें, हें यावरून कळून येईल.

तेव्हां आपल्या धर्मग्रामांत आपण काय करावें? स्तनांत किंवा काखेंत गांठ लागली, कातडीस खळी पडली, बोंड आंत ओढलें गेलें किंवा त्यांतून रक्त आलें, तर दुखो वा न दुखो, त्याच आठवड्यांत डॉक्टरांकडे जावें. तीस वर्षांवरील स्त्रियांनीं शासकीय आरोग्य केंद्रांत होणारी स्तनांची तपासणी संकोच न धरतां करून घ्यावी. कोठेंहि गांठ काढली तर ती तपासणीस गेली काय, आणि गांठीच्या निदान दसपट फॉर्मॅलिनमध्यें ठेवली काय, हें घरच्यांनीं नम्रपणें पण निश्चयानें विचारावें. काढलेली गांठ टाकून देऊं देऊं नये. रिपोर्ट हातीं आल्यावर ग्रेड कोणता, स्टेज कोणती, आणि ई.आर., पी.आर. व हर-टू या तपासण्यांचें उत्तर काय, हे तीन प्रश्न डॉक्टरांस विचारावे. मेणाचा ठोकळा व काचपट्ट्या यांस जमिनीच्या कागदपत्रांप्रमाणें जपावें. दुसऱ्या तज्ज्ञाचें मत घेणें झाल्यास तेच कामीं येतात. पैशाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेंत कर्करोगाचे उपचार बसतात. त्याची चौकशी रुग्णालयांतील योजनेच्या कक्षांत करावी.

आणि पुरुषबंधूंनो, दोन शब्द आपणांसाठींहि. आपल्या घरची स्त्री स्वतःसाठीं शेवटीं जेवते आणि स्वतःसाठीं शेवटीं दवाखान्यांत जाते. तिनें सांगेपर्यंत वाट पाहूं नका. आपण होऊन विचारा, आणि पुण्याच्या फेऱ्यांत तिच्या बरोबर जा. महिला मंडळाच्या भगिनींनीं दर वर्षीं संत अगाथेच्या सणाच्या आठवड्यांत या विषयाची एक सभा भरवावी. आणि ११ फेब्रुवारीस, लूर्दच्या पवित्र मरियेच्या सणाच्या दिवशीं, जो जागतिक रुग्णदिन आपण पाळतों, त्या दिवशीं उपचार घेत असलेल्या भगिनींसाठीं मिस्सा अर्पावी. आजारी बाईच्या घरीं जपमाळ म्हणावयास जातांना दोन दिवसांचा स्वयंपाकहि घेऊन जावा. केमोथेरपीच्या आठवड्यांत त्याची गरज असते.

प्रभु येशूनें आंधळ्यास दृष्टि देतांना मातीचा लेप केला आणि त्याला शिलोह तळ्यावर जाऊन धुण्यास सांगितलें. चमत्कार प्रभूचा होता. तरी तळ्यापर्यंत चालत जाणें त्या माणसाचें होतें. विज्ञानाची दृष्टि ही देवाचीच देणगी आहे, आणि ती दिवसेंदिवस तीक्ष्ण होत आहे. पण गांठ त्या दृष्टीपुढें वेळेवर नेणें हें आपलें काम आहे. या ज्युबिलीच्या वर्षीं आपल्या धर्मग्रामांतील एकहि भगिनी लज्जेपायीं, भीतीपायीं किंवा एका आंकड्याचा चुकीचा अर्थ लाविल्यामुळें मागें राहूं नये, एवढी आमची सर्वांस विनंति आहे. संत अगाथा आपल्या आयाबहिणींसाठीं विनंति करो, पवित्र मरिया त्यांना आपल्या पदराखालीं घेवो, आणि सर्व रोगांचा वैद्य जो आपला प्रभु, तो आपणां सर्वांस आशीर्वाद देवो. आमेन.